संध्याकाळी पाचचे खाणे

चि. सौ. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

शाळेतून आलेल्या मुलाची भूक दिवसातली सर्वांत मोठी भूक असते. डबा अर्धा परत आलेला असतो, जेवणाला तीन तास अवकाश असतो आणि आईवडील अजून वाटेवर असतात. अशा वेळी रोज चहा-बिस्किटे मिळाली, तर पोट भरते, पण अंगी काही लागत नाही. तुझ्या ईशानच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आले, त्याची काळजी म्हणूनच मोठी. ५ ते ११ वर्षांच्या मुलांत ते डेसिलिटरला किमान ११.५ ग्रॅम असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे.

बिस्किटे म्हणजे मुख्यतः मैदा, साखर आणि तेल. त्याहून अडचणीचा चहा. धान्य, कडधान्य आणि पालेभाज्यांतले लोह चहातल्या टॅनिनमुळे शरीरात नीट शोषले जात नाही. ‘क’ जीवनसत्त्वाने उलट ते अधिक शोषले जाते. पोह्यांवर पिळलेले लिंबू, उसळीसोबतचा पेरू किंवा आवळा एवढ्यासाठीच महत्त्वाचा. मुलाचा चहा बंदच असावा. दुधातल्या कॅल्शियममुळेही लोहाचे शोषण काहीसे घटते, म्हणून दूध खाण्याबरोबर न देता झोपताना द्यावे.

चूल न पेटवता होणारे पदार्थ घरात पुष्कळ आहेत. फुटाणे, चुरमुरे-डाळे, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे यांना फक्त डबा उघडावा लागतो. गुळात लोह फार नसते. शेंगदाण्यातली प्रथिने आणि स्निग्धांश मात्र जेवणापर्यंत पोटाला आधार देतात. छोट्या अन्वीला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात ते अडकू शकतात. तिला कुटाचा मऊ लाडू द्यावा. दडप्या पोह्यांना चूल फक्त फोडणीपुरती लागते आणि वेळ दहा-पंधरा मिनिटे. पातळ पोह्यांत ओले खोबरे, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, मीठ, किंचित साखर आणि लिंबू मिसळून ते झाकून दडपून ठेवायचे. पोहे ओलसर झाले की वरून हिंग-मोहरीची फोडणी द्यायची.

बाकीचे काम रविवारी उरकते. मटकी सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधली, की सोमवारी मोड येतात. मोडांमुळे ‘क’ जीवनसत्त्व वाढते आणि लोह अडवणारे फायटेट कमी होते. वाफवून फ्रिजमध्ये ठेवलेली मटकी दोन-तीन दिवस पुरते. कांदा, टोमॅटो, लिंबू घातले की झाले. भाजणीचा डबा भरलेला असला, तर मेथी किंवा पालक चिरून घातलेले थालीपीठ लोखंडी तव्यावर लवकर होते. शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा उकडलेले अंडे हेही उत्तम खाणे.

सगळ्यात सोपा उपाय जागेचा. आमच्या निपाणीच्या घरी लाडवाचा डबा फडताळाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात असे, मुलांचा हात पोचेल असा. बिस्किटांचा पुडा हाताशी आणि फुटाणे माळ्यावर असतील, तर मूल पुडाच उघडणार.

हिमोग्लोबिन ९.८ असताना नुसत्या खाण्यावर भागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले लोहाचे औषध आणि जंतांची गोळी न चुकता द्यावी. औषध चहा-दुधाबरोबर घेऊ नये. बरे दिसू लागले म्हणून ते मध्येच बंद करू नये. शरीरातला लोहाचा साठा भरायला काही महिने लागतात.

यात कुणा एकाचा दोष नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली पाच वर्षांखालची १०० पैकी ६७ मुले आणि १५ ते ४९ वयोगटातल्या १०० पैकी ५७ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पहाटे डबे करून गाडी गाठणारी आईही त्या स्त्रियांत असू शकते. एखाद्या संध्याकाळी काहीच जमले नाही, तर केळे आणि मूठभर फुटाणे पुरेसे आहेत. तेवढ्याने कोणाचे काही बिघडत नाही. ईशानच्या पुढच्या तपासणीच्या दिवशी आईनेही आपले रक्त तपासून घ्यावे, आणि पाचच्या त्या ताटलीत स्वतःचाही वाटा ठेवावा.

सुमनआत्याचे आशीर्वाद