श्री तुळजाभवानीची मंचकी निद्रा : परंपरा आणि तिचा अर्थ

महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांमध्ये श्रीक्षेत्र तुळजापूरचे स्थान पूर्ण पीठाचे आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेत, धाराशिव जिल्ह्यात वसलेले हे क्षेत्र असंख्य घराण्यांचे कुलदैवत म्हणून पूजिले जाते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या भोसले घराण्याची ही कुलस्वामिनी. महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणातूनही भाविक येथे कुलधर्मासाठी येतात. नवपरिणित दांपत्य लग्नानंतर पहिल्या दर्शनाला येते, कोणी बाळाचे जावळ घेऊन येतो, कोणी नवस फेडण्यासाठी पायी वाट तुडवत येतो. या सर्वांची एक इच्छा समान असते. आईला सिंहासनावर डोळे भरून पाहावे आणि तिच्या चरणी आपल्या हातून पूजा घडावी.

परंतु वर्षातील काही दिवस असे असतात की त्या काळात आलेल्या भाविकाला सिंहासन रिकामे दिसते. अभिषेक बंद असतो, सिंहासन पूजा होत नाही आणि देवी शेजघरात पलंगावर निजलेली असते. दूरवरून आलेल्या, विशेषतः वृद्ध माणसे व लहान मुले सोबत असलेल्या कुटुंबांचा अशा वेळी हिरमोड होतो. ‘आम्ही आलो आणि आई झोपली’ असे उद्गार मंडपात ऐकू येतात. कोणी नाराज होतो, कोणी आपल्या भक्तीत काही उणे राहिले असावे म्हणून मनाला लावून घेतो. वास्तविक या दिवसांत आलेला भाविक काहीही गमावत नाही. उलट, या क्षेत्राची अत्यंत वैशिष्ट्यपूर्ण अशी परंपरा त्याला प्रत्यक्ष पाहावयास मिळते. तिची माहिती असावी, या हेतूने हा परिचय दिला आहे.

चल मूर्ती

बहुतेक मंदिरांत मुख्य मूर्ती अचल असते. एकदा प्रतिष्ठापना झाली की ती आपल्या स्थानावरून हलत नाही. उत्सवात मिरविण्यासाठी वेगळी उत्सवमूर्ती ठेवण्याची पद्धत आहे. रात्री शेजारती होते तीही उपचारापुरती. देव निजला असे आपण मानतो, पण मूर्ती जागेवरच असते.

तुळजापूरची परंपरा याहून वेगळी आहे. श्री तुळजाभवानीची गंडकी शिळेची अष्टभुजा, महिषासुरमर्दिनी रूपातील मूर्ती ही चल मूर्ती आहे. ठरलेल्या तिथींना मुख्य मूर्तीच सिंहासनावरून उचलून शेजघरातील पलंगावर निजविली जाते आणि ठरलेल्या तिथीला पहाटे पुन्हा सिंहासनावर प्रतिष्ठित केली जाते. पलंगाला मंचक असेही म्हणतात, म्हणून या विधीस ‘मंचकी निद्रा’ असे नाव आहे. येथील देवीची निद्रा ही कल्पनेतील नसून प्रत्यक्ष आचारातील आहे.

वर्षातील तीन निद्रा

देवीच्या निद्रा तीन. प्रत्येकीचे नाव व काळ वेगळा आहे.

पहिली घोर निद्रा. भाद्रपद वद्य अष्टमीस सायंकाळी देवी पलंगावर जाते आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेस, घटस्थापनेच्या दिवशी पहाटे, सिंहासनावर येते. पुढे महिषासुराशी होणाऱ्या युद्धापूर्वीची ही विश्रांती मानली जाते. हा काळ पितृपक्षाचा असल्याने घरोघरी पितरांचे स्मरण चालू असते आणि मंगलकार्ये थांबलेली असतात.

दुसरी श्रम निद्रा. नऊ दिवसांचे युद्ध संपवून विजयी झालेली देवी विजयादशमीच्या सीमोल्लंघनानंतर थकून निजते, ती आश्विन पौर्णिमेपर्यंत. पाच दिवसांची ही विश्रांती तिन्हींत सर्वांत लहान आहे.

तिसरी मोह निद्रा. पौष महिन्यात शाकंभरी नवरात्रापूर्वी सुमारे आठ दिवस देवी पुन्हा पलंगावर असते. पौष शुद्ध अष्टमीस ती सिंहासनावर येते आणि शाकंभरी नवरात्रास आरंभ होतो. पौर्णिमेस या नवरात्राची सांगता होते.

तिन्ही मिळून वर्षातील सुमारे एकवीस दिवस देवी निद्रिस्त असते. तिथीच्या वृद्धी-क्षयामुळे एखादा दिवस कमीअधिक होतो. यात्रेचा बेत आखताना त्या वर्षीचे पंचांग पाहणे म्हणूनच इष्ट ठरते.

गादीचा कापूस

आईला निजवायचे म्हणजे तिच्यासाठी अंथरूण हवे. घोर निद्रेपूर्वी देवीच्या गाद्यांचे काम सुरू होते. कापूस निवडून स्वच्छ करण्याच्या सेवेत आराधी स्त्रिया भाग घेतात. कवड्यांची माळ गळ्यात घालून, देवीची गीते म्हणत हे काम चालते. कापूस पिंजण्याचा मान परंपरेने येथील पिंजारी कुटुंबाकडे आहे. हे कुटुंब मुस्लिम समाजातील आहे. देवी ज्या गादीवर विसावते तिचा कापूस या हातांनी मऊ झालेला असतो, ही गोष्ट प्रत्येक भाविकाने आवर्जून लक्षात ठेवावी.

घोडेगावचा पलंग, बुऱ्हाणनगरची पालखी

पलंग तुळजापुरात तयार होत नाही. तो पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव येथे घडविला जातो. तेथून जुन्नर परिसरातून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) तो निघतो. वाटेतील गावे पलंगाचे स्वागत करतात, सुवासिनी ओवाळतात, पलंगावर मस्तक टेकवितात. ज्यांना तुळजापूरला जाणे जमत नाही, अशा वृद्धांना व आजाऱ्यांना आईचा पलंग दारावरून गेला, हेच दर्शन वाटते. पलंगाबरोबर चालण्याचा मान असलेले घराणे ‘पलंगे’ याच आडनावाने ओळखले जाते.

सीमोल्लंघनाची पालखी येते ती अहिल्यानगरजवळील बुऱ्हाणनगर येथून. पालखीचा मान तेथील तेली समाजातील भगत घराण्याकडे आहे. याविषयीची आख्यायिका अशी : जानकोजी नावाच्या भक्ताच्या घरी देवी लहान मुलीच्या रूपाने राहिली. जानकोजीने तिला पोटच्या लेकीप्रमाणे वाढविले. पुढे एके दिवशी ती निघून गेली. तिच्या विरहाने व्याकूळ झालेला जानकोजी शोध घेत तुळजापूरला पोहोचला, तेव्हा देवीने त्याला आपले खरे रूप दाखविले आणि दरवर्षी तुझ्याच घरच्या पालखीतून मी सीमोल्लंघन करीन, असे वचन दिले. ही कथा भक्तीची तर आहेच, पण ती माहेराचीही आहे. सासरी नांदणाऱ्या लेकीला सणाला माहेरचा मुराळी यावा, तशी बुऱ्हाणनगरची पालखी दसऱ्याला आईच्या दारी येते.

पलंग आणि पालखी दरवर्षी नव्याने सिद्ध होतात. यातील मर्म समजून घेण्यासारखे आहे. सोन्याचांदीची वस्तू एकदा अर्पण केली की पिढ्यान्‌पिढ्या टिकते. लाकडाची सेवा मात्र दरवर्षी नव्याने करावी लागते. सुतार, वाहक, मानकरी, वाटेवरची गावे, या साखळीतील एक कडी जरी एका वर्षी थांबली, तरी देवीचा पलंग वेळेवर पोहोचणार नाही. ही परंपरा आजवर चालत आली ती या सर्वांनी आपापला वाटा न चुकता उचलल्यामुळे. मान या शब्दाचा खरा अर्थ येथे कळतो. मान म्हणजे पुढे उभे राहण्याचा अधिकार नव्हे, तर न चुकविता येणारे कर्तव्य होय.

सीमोल्लंघन

विजयादशमीला पहाटे, अंधार असतानाच, हा सोहळा होतो. मूर्तीला इजा पोहोचू नये म्हणून तिच्याभोवती एकशे आठ साड्या गुंडाळल्या जातात आणि मग ती पालखीत ठेवली जाते. मंदिराच्या आवारात प्रदक्षिणा सुरू होते. ‘आई राजा उदो उदो’च्या गजरात कुंकवाची उधळण होते, संबळाचा आवाज घुमतो आणि पायाखालचे दगडी आवार लाल होऊन जाते. पिंपळाच्या पारावर पालखी विसावते, तेथे आरती होते. प्रदक्षिणा पूर्ण झाल्यावर देवीला शेजघरात नेऊन नव्या पलंगावर निजविले जाते. काही क्षणांपूर्वी गजराने दुमदुमणारे आवार हळूहळू शांत होते. लेकरू निजल्यावर आई जशी आवाज न करता घरात वावरते, तसे येथे आईसाठी लेकरे वावरतात.

पाच दिवसांनी आश्विन पौर्णिमेस देवी पुन्हा सिंहासनावर येते. त्या पौर्णिमेला सोलापूर व कर्नाटकातून पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ते फुलून जातात. सोलापूरच्या शिवलाड समाजाच्या मानाच्या काठ्या याच वेळी तुळजापुरात येतात आणि छबिन्याच्या मिरवणुकीत सहभागी होतात.

निद्राकाळातील सेवा

निद्राकाळात मंदिर बंद नसते. दर्शन चालू असते आणि देवीची सेवाही खंडित होत नाही, केवळ तिचे स्वरूप बदलते. सिंहासन पूजा व दही-दुधाचे, पंचामृताचे अभिषेक थांबतात आणि मूर्तीस सुगंधी तेल लावण्याची सेवा होते. वर्षभर नित्य अभिषेकाचा भार सोसणाऱ्या पाषाणमूर्तीला या दिवसांत विसावा मिळतो. श्रद्धेने पाहिले तर ही आईची विश्रांती आहे आणि व्यवहाराने पाहिले तर मूर्तीचे जतन आहे. पूर्वजांनी हे दोन्ही हेतू एकाच आचारात साधले.

निद्रेचा अर्थ

निद्रा ही दुर्बलता समजली जाऊ नये. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्य, ज्याला आपण सप्तशती म्हणून ओळखतो, त्याच्या पहिल्याच अध्यायात देवी योगनिद्रा या रूपाने येते. शेषावर निजलेल्या श्रीविष्णूंच्या नेत्रांत तिचा वास असतो. ब्रह्मदेवाच्या स्तुतीने प्रसन्न होऊन ती नेत्रांतून बाहेर येते, तेव्हाच विष्णू जागे होतात आणि मधु-कैटभांचा वध घडतो. शारदीय नवरात्रात रथ, मुरली, शेषशाही, भवानी तलवार व महिषासुरमर्दिनी अशा अलंकार पूजा बांधल्या जातात. त्यांतील शेषशाही अलंकार याच कथेचे स्मरण करून देतो. जी स्वतः निद्रा आहे तीच येथे निजते, याचा अर्थ शक्ती स्वतःमध्ये सामावते, पुन्हा प्रकट होण्यासाठी.

कष्टकऱ्यांच्या या मुलखाला निद्रेचा दुसरा अर्थही सहज कळतो. पहाटे सर्वांच्या आधी उठणारी आणि रात्री सर्वांच्या नंतर निजणारी आई प्रत्येक घरात असते. ती कधी थकते, हे घराच्या लक्षात येत नाही. तुळजापूरच्या परंपरेने मात्र जगन्मातेचा थकवा ओळखला, त्याला नाव दिले, तिथी दिली, आणि तिच्यासाठी पलंग-गादी तयार करण्याचे काम समाजातील अनेक घरांत वाटून दिले. येथे वर्षभर आईकडे मागणारी लेकरे एकवीस दिवस तिला काही मागत नाहीत, तिला निजू देतात. आपल्या घरच्या आईलाही अशीच विश्रांती मिळावी, हा बोध भाविकांनी येथून घरी न्यावा.

भाविकांसाठी

कुलधर्मासाठी अभिषेक अथवा सिंहासन पूजा करावयाची असल्यास निद्राकाळ टाळून यावे. आधीच आलेल्या भाविकांनी निराश न होता निद्रिस्त देवीचे दर्शन घ्यावे, तिच्या नावाने ओटी भरावी, आपला मनोभाव तिच्या चरणी ठेवावा. देणगीदारांनीही या काळात विशेष पूजेचा आग्रह धरू नये. आईच्या विश्रांतीपुढे लहान-थोर असा भेद नाही आणि तिच्या निजण्या-उठण्याच्या वेळा कोणासाठीही बदलत नाहीत. दर्शनरांगेत मोठ्याने बोलणे टाळावे, लहान मुलांना ही कथा सांगावी. वाटेत पलंग अथवा पालखी भेटल्यास क्षणभर थांबून ती वाहणाऱ्यांना हात जोडावेत. तीही देवीचीच सेवा आहे.

घटस्थापनेच्या पहाटे देवी सिंहासनावर येते, तेव्हा पहिला गजर होतो. तो ऐकण्याचे भाग्य ज्यांना लाभते त्यांनी आदले आठ दिवस शांततेत वाट पाहिलेली असते. ही प्रतीक्षाही भक्तीच आहे आणि आई ती जाणते.

आई राजा उदो उदो.