आजोबा, आवाज आणि तिसरी मिती

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत टेक्निकल लेख लिहिताना थोडी धाकधूक आहे. चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा लेख इंग्रजीत लिहिला असता तर आजोबांना वाचता आला नसता.

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा कळलं, आजोबा रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात. दोन वर्षं लाजेपोटी कोणाला बोलले नव्हते. "वय झालं रे, चालायचंच!" शेवटी बाबांनी दवाखान्यात नेलं. रक्ताची पीएसए तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर लिहिलं होतं : प्रोस्टेट ५ × ४ × ४ सेमी.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची ग्रंथी. तरुणपणी अक्रोडाएवढी, साधारण २० घनसेंमी. वयाबरोबर ती वाढते आणि तिच्यातून जाणारी मूत्रनलिका दाबली जाते. मागे गुदाशय अगदी लागून असतो, म्हणून बारकाईने बघायचं तर प्रोब तिथूनच आत घालतात.

आता आपला विषय. शरीरात ध्वनीचा वेग सुमारे १५४० मी./सेकंद. ४ सेमी खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला ५२ मायक्रोसेकंद लागतात. फ्रिक्वेन्सी ७.५ मेगाहर्ट्झ घेतली तर तरंगलांबी ०.२ मिमी. म्हणजे बारीक तपशील दिसतो, पण चित्र एकाच पातळीचं, ब्रेडच्या एका स्लाइससारखं.

ग्रंथीचं आकारमान काढायला ती लंबगोल आहे असं धरून लांबी × रुंदी × उंची × ०.५२ करतात. ५ × ४ × ४ चे झाले ४१.६ घनसेंमी. समजा, एक ४ चुकून ४.४ मोजला गेला, तर ४५.८! पीएसए ६.४ असेल तर त्याला आकारमानाने भागून येणारी 'घनता' ०.१५ वरून ०.१४ वर येते. बायोप्सीचा विचार करताना ०.१५ ही नेहमी वापरली जाणारी सीमारेषा आहे. म्हणजे ४ मिलिमीटरने माणूस रेषेच्या या बाजूला किंवा त्या बाजूला!

थ्री-डीमध्ये प्रोब मोटरने थोडा थोडा फिरवतात. घडीचा पंखा उघडावा तशी चित्रं मिळतात. प्रत्येक चित्राचा कोन माहीत असल्याने कॉम्प्युटर ती जोडून घन आकृती बनवतो. मग ग्रंथीची कड प्रत्यक्ष आखून आकारमान काढता येतं, ती लंबगोल धरावी लागत नाही. शिवाय बायोप्सीची सुई नक्की कुठे गेली याची नोंद राहते. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या लंडन शहरी आरोन फेन्स्टर यांच्या गटाने १९९० च्या दशकात यावर मोठं काम केलं.

पण एक लक्षात ठेवा. कॅन्सरच्या बऱ्याच गाठी सोनोग्राफीत आजूबाजूच्या भागासारख्याच दिसतात, चित्र थ्री-डी असलं तरी. म्हणून आज एमआरआयचं चित्र त्यावर बसवून सुई नेमक्या जागी नेतात. निदान शेवटी बायोप्सीच्या तुकड्यावरच होतं.

आजोबांच्या बायोप्सीत कॅन्सर निघाला नाही. गोळ्या चालू आहेत, रात्री एकदाच उठतात. मशीन काही सेकंदांत चित्र घेतं, पण आजोबांना तिथवर पोचायला दोन वर्षं लागली. सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या आजोबांना, बाबांना एकदा विचारा. ते आपणहून सांगणार नाहीत.