आजोबांचा चष्मा आणि माझी पॉलिश

ज्या गोल चष्म्यामुळे हॉस्टेलमध्ये मला 'गांधीबाई' म्हणतात, त्या जुन्या मेटल फ्रेमचा हा धडा.

आजोबा बोटीवर नोकरीला होते. ही फ्रेम त्यांनी अमेरिकेत घेतली. ते गेल्यावर आजीने ती मला दिली. नाकावरच्या दांडीला आतून बारीक अक्षरं होती : '१/१० १२ के जी.एफ.' मी ती वाचलीच नाही. फ्रेम काळवंडलेली, म्हणून पितळेच्या भांड्यांची पॉलिश घेऊन तासभर घासली. चकाकली! पण नाकाजवळचा सोनेरी रंग गेला तो गेलाच.

मग अर्थ शोधला. जी.एफ. म्हणजे गोल्ड फिल्ड. नाव फसवं आहे, कारण सोनं आत नसून बाहेर असतं. स्वस्त धातूवर सोन्याचा पत्रा उष्णता आणि दाब देऊन चिकटवतात. १/१० म्हणजे धातूच्या एकूण वजनाचा दहावा भाग हा पत्रा. १२ कॅरट म्हणजे त्यात निम्मं सोनं. म्हणजे १० ग्रॅमच्या फ्रेममध्ये अर्धा ग्रॅम! साध्या प्लेटिंगपेक्षा हा थर बराच जाड, म्हणून अशा फ्रेम्स वर्षानुवर्षं टिकतात. आत जर्मन सिल्व्हरसारखा मिश्रधातू असतो. त्यात तांबं, निकेल, जस्त. चांदी फक्त नावात! वरचा थर गेला की घामाने तांबं हिरवं पडतं. माझ्या नाकावर रोज संध्याकाळी त्याची खूण असते.

तुम्हाला जुनी फ्रेम मिळाली तर :

१. आधी भिंगातून अक्षरं वाचा, मगच हात लावा.
२. कोमट पाणी, साधा साबण, मऊ टूथब्रश. बास. पॉलिश नको.
३. बिजागरीचा स्क्रू अडला तर जोर लावू नका. तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा.
४. सोल्डरिंग करायचं तर काचा आधी काढा.
५. निकेलने खाज येत असेल तर थर गेलेली फ्रेम घालू नका.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आजीला सगळं कबूल केलं. पुन्हा सोन्याचा मुलामा देऊन आणू का, असंही विचारलं. तिने घासलेल्या जागेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "नको गं. ते तरी कुठे जपायचे? सदऱ्यानेच पुसायचे. तू घालतेस ना, मग झालं."

तेव्हापासून चष्मा मी साबणानेच धुते. सदऱ्याने मात्र पुसत नाही!