श्वासाचे माप आणि पावलांचे माप

मनुष्याच्या उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड असतात. कर्करोग एका खंडापुरता मर्यादित असल्यास शल्यविशारद बहुधा तेवढा खंड काढून टाकतात. १९३३ साली अमेरिकेत एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनी कर्करोग झालेले एक संपूर्ण फुप्फुस काढले. तो रुग्ण पुढे जवळजवळ ३० वर्षे जगला. उरलेल्या फुप्फुसावर जीवन चालू शकते, हे यावरून दिसून आले. ते कितपत चालेल, हे मात्र मापनानेच कळते.

पहिले माप श्वासाचे होय. इंग्रज वैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली आपल्या श्वसनमापीचे वर्णन प्रसिद्ध केले. खोल घेतलेला श्वास जोराने सोडला असता पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे आजचा श्वसनमापी दाखवितो. शल्यक्रियेपूर्वीच पुढील अंदाजही बांधता येतो. दोन्ही फुप्फुसांचे मिळून १९ उपखंड धरतात. त्यांपैकी ३ उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात असतात. रुग्णाचे माप १.९ लिटर असेल, तर तो खंड काढल्यावर सुमारे १.६ लिटर उरेल.

दुसरे माप पावलांचे. ३० मीटर लांबीच्या सपाट मार्गावर रुग्णाने ६ मिनिटे यथाशक्ति ये-जा करावयाची असते. दम लागल्यास थांबण्याची मुभा असते. चाललेले अंतर, नाडीचे ठोके आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण यांची नोंद ठेवतात.

ही दोन्ही मापे का घ्यावयाची? काढलेला खंड पुन्हा उगवत नाही. म्हणून श्वसनमापीचा आकडा व्यायामाने फारसा वाढत नाही. तेवढाच आकडा पाहणारा रुग्ण निराश होऊन व्यायाम सोडण्याचा संभव असतो. परंतु नियमित व्यायामाने पायांचे स्नायू मिळालेला प्राणवायू अधिक चांगल्या रीतीने वापरू लागतात. तेच काम थोड्या श्वासांत होते आणि चालण्याचे अंतर वाढते. सुमारे ३० मीटरांची वाढ ही खरी प्रगती मानली जाते.

मापांची तुलना करताना स्थळाचाही विचार करावा लागतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे नऊ-दशांश असतो. निरोगी माणसास हा फरक जाणवत नाही. पण मुंबईस शल्यक्रिया करवून बेंगळुरूस परतलेल्या रुग्णाच्या रक्तात प्राणवायू किंचित कमी आढळला, तर तेवढ्यावरून प्रकृती खालावली असे समजू नये. बेंगळुरूस घेतलेल्या पहिल्या मापाशीच तेथील पुढची मापे ताडून पाहावीत. श्वासाच्या मापाने काय गमावले ते कळते; काय परत मिळविता येते, हे पावलांचे माप सांगते.