दैनिक चिंतन : बोटाला कळतं



आज चिंतनाला संत नामदेव महाराजांचं एक पद घेतलंय. शीख बांधवांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवरायांची ६१ पदं आहेत, त्यातलंच हे एक, राग रामकलीतलं.

पदाचा भाव असा. कागद आणून पतंग केला, आकाशात सोडला. उडवणारा चार-पाच जणांशी गप्पा मारतोय, पण चित्त दोरीत आहे. सोनार बोलतोय, पण चित्त सोन्यात. मुली हसत-खिदळत पाणी आणतायत, पण चित्त घागरीत. गाय पाच कोसांवर चरतेय, पण चित्त वासरात. आणि शेवटी, आई घरात-बाहेर कामात आहे, पण चित्त पाळण्यातल्या बाळापाशी. नामदेवराय त्रिलोचनाला सांगतात, माझं मन रामनामात असंच गुंतलंय.

हे पद मला बरीच वर्षं माहीत होतं. कळलं मात्र गेल्या रविवारी, मोशीतल्या एका मैदानावर.

संक्रांत जवळ आली की आमच्या आसपासच्या सोसायट्या मिळून तिथे पतंग उडवायला जमतात. तिळगूळ, हुरडा, लहान मुलांचा नुसता कल्ला. नियम एकच, नायलॉन मांजा आणायचा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच त्यावर देशभर बंदी घातली. तरी २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावर मांज्याने गळा कापून दुचाकीवरच्या एका तरुण डॉक्टरचा जीव गेला. त्यामुळे मैदानात शिरतानाच प्रत्येकाची फिरकी तपासत होते.

आमचे अण्णा भोसरी एमआयडीसीतून टर्नर म्हणून निवृत्त झाले. जुन्या चार मित्रांबरोबर उभे राहून त्यांच्या पेन्शनच्या गप्पा चालल्या होत्या. वर बघतही नव्हते, पण पतंग एका जागी खिळल्यासारखा स्थिर.

आणि मी? त्या आठवड्यात माझी सपोर्टची पाळी होती. उजव्या हातात दोरा, डाव्या हातात फोन. सर्व्हर अडकला होता. फिरकी माझ्या सात वर्षांच्या लेकीकडे होती.

"बाबा, ढील देऊ?"

"हं."

"बाबा, अजून देऊ?"

"हं."

पतंग कधीच खाली आला होता. दोरा मैदानाच्या कडेच्या रस्त्यावर आडवा पडला होता आणि समोरून एक स्कूटर येत होती. मला काहीच दिसलं नाही. अण्णांना दिसलं. स्वतःचा पतंग तसाच सोडून ते धावले, दोरा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरला आणि ओरडले. स्कूटरवाल्याने ब्रेक मारला. दोरा साधा सुती होता, गाडी हळू होती. कुणाला काही झालं नाही.

लेक रडायला लागली. "मी दोनदा विचारलं होतं. तू हं म्हणालास."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी अण्णांना विचारलं, "तुम्हीही गप्पाच मारत होतात. मग तुमचा पतंग कसा नाही पडला?"

"बोटाला कळतं रे. लेथवर शेजारच्याशी बोलायचो, पण टूल बोथट झालं की आवाज बदलतो. कान तिकडेच असायचा."

रात्री पद पुन्हा वाचलं. खरं सांगू? इतकी वर्षं मी त्याचा सोयीचा अर्थ घेत होतो, की एका वेळी दोन कामं करायला नामदेवरायांची परवानगी आहे! पण पदात कामं कितीही असली तरी चित्त एकाच ठिकाणी आहे. आणि गंमत म्हणजे, मैदानावर माझंही चित्त अगदी एकाग्र होतं. फक्त ते फोनमध्ये होतं. चित्त मोकळं कधीच नसतं, कुठेतरी बांधलेलं असतंच. दोरीचं दुसरं टोक कुठे आहे, एवढाच प्रश्न.

दुसरी गोष्ट, मी नामस्मरणासाठी फोनवर दर तासाचं रिमाइंडर लावलंय. वाजलं की बोटाने बाजूला सारतो. त्या गाईला कुठलं रिमाइंडर आहे? पदातल्या दाखल्यांचा क्रम बघा. सुरुवात पतंगाच्या खेळाने होते, शेवट आईच्या मायेने. खेळात लक्ष सरावाने राहतं, बाळापाशी ते प्रेमाने राहतं. माझं चित्त फोनला बांधलं होतं ते भीतीने. भीतीनेही एकाग्रता येते, पण त्या एकाग्रतेत शेजारी उभी असलेली लेक दिसत नाही. आईचं चित्त बाळापाशी असतं, तरी तिची कामं बिघडत नाहीत.

मग नोकरी सोडायची का? नाही. गुरू ग्रंथ साहिबमधल्या कबीरांच्या श्लोकांत याच दोघांचा संवाद येतो. त्रिलोचन विचारतो, नामदेवा, या कापडाच्या कामात का गुंतलास? उत्तर येतं, हात-पाय कामात, चित्त देवापाशी. हप्ते भरायचे आहेत, सपोर्टची पाळीही पुन्हा येणार. पण पुढच्या वेळी फोन वाजला तर आधी दोरा अण्णांच्या हातात देईन, मग फोन घेईन. लेकीची माफी मागितली. तिने विचार करून सांगितलं, "पुढच्या वेळी फिरकी तू धर."

आजचा छोटा अभ्यास : आज दिवसभरात तीनदा थांबा आणि स्वतःला विचारा, आत्ता माझं चित्त कुठे बांधलेलं आहे? भीतीने की प्रेमाने? उत्तर काहीही आलं तरी स्वतःवर रागावू नका. फक्त दोरी हलकेच विठ्ठलाकडे खेचा. हळूहळू बोटाला कळायला लागेल.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि कुणी "हं" च्या पुढचं काही ऐकायला थांबलं असेल, तर त्याच्याकडे बघून बोला.

राम कृष्ण हरी!