धनुर्वाताचें विष

धनुर्वात कशानें होतो, असें आम्ही वर्गांत विचारलें कीं बहुतेक मुलें ‘गंजानें’ असें उत्तर देतात. तें खरें नव्हे. शहागंजच्या बाजारांतून अनवाणी येतांना पायांत खिळा रुतला, तर भय त्याच्या गंजाचें नसून त्याला चिकटलेल्या मातीचें असतें. घोडे व गुरें यांच्या लिदीशेणांतून या जंतूचीं बीजें मातींत मिसळतात आणि वर्षानुवर्षें जिवंत राहतात. खोल जखमेंत हवा पोंचत नाहीं; बीज रुजण्यास अशीच जागा लागते.

जंतु जखमेंतच राहतो. शरीरभर फिरतें तें त्याचें विष. तें मज्जातंतूंच्या वाटेनें पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपर्यंत जातें व स्नायूंना सैल पडण्याचा निरोप अडवितें. मग दांतखीळ बसते, पाठ धनुष्यासारखी वांकते. घोड्यासही हा रोग माणसाप्रमाणेंच होतो.

या कामीं लहानशी चूकही किती भोंवते पाहा. मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंत वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करीत. १९०२ सालीं तेव्हांच्या पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष हाफकिन यांच्यावर आला. पुढें बाटली उघडण्याचा चिमटा गांवांत जमिनीवर पडला होता, असें उघडकीस आलें, आणि १९०७ सालीं ते दोषमुक्त झाले. १९२५ सालीं त्या संस्थेस त्यांचेंच नांव देण्यांत आलें.

बेरिंग व किटासाटो यांनीं १८९० सालीं या विषावर प्रतिविष दाखवून दिलें. परंतु विष एकदां मज्जातंतूस भिनलें कीं प्रतिविषालाही तें सोडवितां येत नाहीं. शिवाय जीव घेणारें विष इतकें अल्प असतें कीं रोगांतून उठलेल्यासही पुढें अभय मिळत नाहीं. तें लशीनेंच मिळतें. लशींत तेंच विष निरुपद्रवी करून घातलेलें असतें.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, बाळपणीं टोचलें एवढ्यावर निश्चिंत राहूं नये. दहाव्या व सोळाव्या वर्षीं टीडी लस पुन्हा टोचावी लागते, आणि तीं वर्षें शाळेचींच होत. मुलांनीं जखम लपवूं नये. साबण व स्वच्छ पाण्यानें ती धुवावी, शेण अथवा राख लावूं नये व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.