नाश, गळती की निसटणे?
फूलबागेत अनुवाद शिकवताना ‘फास्ट आयन लॉस’ या संज्ञेपाशी आम्ही थांबलो. ‘नाश’ मला पटत नाही. ड्युटेरियम-ट्रिटियमच्या संमीलनातून ३५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा अल्फा कण निघतो. त्याने आत राहून प्लाझ्मा तापवायचा असतो. चुंबकीय क्षेत्रातून सुटला, तर तो अणुभट्टीची भिंत भाजतो. म्हणजे तो शाबूत असतो, म्हणून तर मोजता येतो! भिंतीलगतच्या शोधकात चिंचोळ्या फटीतून शिरून तो मागच्या पट्टीवर आदळतो. तिथे प्रकाशाचा ठिपका उमटतो. ऊर्जा जास्त, तर कणाचे वळण मोठे आणि ठिपका दूर. ठिपक्याच्या जागेवरून शिरण्याचा कोनही कळतो. ‘गळती’ सोपा शब्द खरा. पण गळती भांड्याची असते, इथे वाट कणाची शोधायची आहे. मी ‘आयनांचे निसटणे’ लिहितो.